बुडाखालची उशी

दुपारी चारच्या पुढे आमच्या हिंजवडीच्या ऑफिसमधली सगळी जनता चहाला खाली गेली आणि माझा एक कॉल काही संपत नव्हता म्हणून मी वरच अडकले, तेव्हा नीट दिसलं की आमच्या रांगेत एकही खुर्ची उघडी नाहीये. मागून यू आकाराचा तुकडा कापलेली काळी फोमची गादी, निळी जाळीजाळीची जेलवाली, हवा भरायची गोल रिंग (ती कोणाची हे सगळ्यांना माहितीये, का ते कोणी विचारत नाही) आणि एका खुर्चीवर तर चक्क घडी घातलेली गोधडी, जुन्या साडीची, हिरवा काठ बाहेर लोंबणारा. खुर्च्या तशा महागातल्याच आहेत हं. इकडून तिकडून खटके, पाठ मागे जाते, हात वर येतात, तरी सगळ्यांच्या कमरा गेलेल्या.

आमच्या लहानपणी उशीवर बसणं म्हणजे गुन्हा. सदाशिव पेठेतल्या वाड्यात गाद्यांच्या वळकटीवर उशा रचलेल्या असायच्या आणि आम्ही भावंडं दुपारी त्यातली एखादी हळूच ओढून तिच्यावर बसायचो, की स्वयंपाकघरातून आजीचा आवाज, "उशीवर कोण बसलंय? करट होईल बुडाला!" भिंतीपलीकडून हिला दिसायचं कसं कुणास ठाऊक. स्वतः मात्र फरशीवर, एक गुडघा वर घेऊन, सुपात तांदूळ निवडत बसलेली. पाठीला टेका नाही की खाली बस्कर नाही, आणि कंबर दुखते असं तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. आता आठवलं की वाटतं, ती सलग बसायची तरी कुठे? दूध उतू जातंय, कोणी दार वाजवतंय, नळाला पाणी आलंय. दर पाच मिनिटांनी उठणं चालूच. माझी फिजिओ हेच सांगते, अर्ध्या तासानं उठा, दोन पावलं चाला, आणि त्याचे पैसे घेते.

तिनंच मला ती यू कटवाली घ्यायला लावली. मागे खाच असते त्यामुळे माकडहाड अधांतरी राहतं आणि भार मांड्यांवर नि बसायच्या हाडांवर जातो. आपण पोक काढून बसलो की कटिर, म्हणजे कंबरेखालचा हाडांचा सांगाडा, मागे कलतं, कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि मग मणके कुरकुरतात. गादीला पुढे उतार असेल तर ते कटिर जरा पुढे ढकललं जातं. एवढंच विज्ञान. मेमरी फोम १९६६ च्या सुमारास नासासाठी विमानाच्या सीटकरता शोधला गेला म्हणे, आणि तो आता वाकडच्या सिग्नलला अडकलेल्या माझ्या गाडीत येऊन पडलाय. तो अंगाच्या उबेनं मऊ होतो, थंडीत कडक होतो, त्यामुळे डिसेंबरात सकाळी गाडीत बसलं की खाली वीट ठेवल्यागत लागतं. चांदणी चौक येईपर्यंत कुठे ती जरा नमतं घेते.

आणखी एक गंमत दुकानदार सांगत नाहीत. गादी घातली की आपण दोन-तीन इंच वर जातो, पाय लोंबकळायला लागतात, कोपर टेबलाच्या वर. मग पायाखाली काय घ्यायचं? आमच्याकडे प्रिंटरच्या कागदाची न फोडलेली रिमं आहेत. ॲडमिनवाले रोज शोधत असतात.

माझ्या गादीवर दुसरं कोणी बसलेलं मला अजिबात चालत नाही. डबा शेअर करीन, चार्जर देईन, गादी नाही. सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला भारतीय बैठकीत पूर्वी लोक सतरंजी आणि हवेची उशी घेऊन यायचे, त्यात एक आजोबा उठताना आपल्या उशीवर शाल ठेवून जायचे, जागा धरायला नव्हे, उशी धरायला. तेव्हा हसलो होतो आम्ही सगळे.

परवा आईबरोबर लक्ष्मी रोडला साडी घ्यायला गेले. पूर्वी त्या दुकानांत पांढरीशुभ्र गादी असायची, विकणाराही खाली, गिऱ्हाईकही खाली. आता काचेचं काउंटर, आम्हाला स्टुलं, आणि पलीकडे मुली उभ्या. सकाळी दुकान उघडल्यापासून उभ्या. केरळनं २०१८ मध्ये दुकानातल्या अशा कामगारांना बसायला जागा द्यायची असा कायदाच केला, मग २०२१ मध्ये तमिळनाडूनं. मी इकडे तिकडे बघितलं, काउंटरच्या आत स्टूल काही दिसलं नाही. न राहवून विचारलंच, "पाठ दुखत नाही का गं दिवसभर?"

"पाठ नाही हो ताई, टाचा," ती म्हणाली आणि आईकडे वळली. "काकू, हा मोठ्या काठातला बघा, उघडून दाखवू?"