साठ दिवस आणि एक थंड स्लाइड

आज सॅम्पलिंगचा, म्हणजे शुक्राणू काढून तपासायचा दिवस, सकाळपासून पोटात गोळा. लॅबमधल्या पांढऱ्या रॅट्सना गेले ६० दिवस रोज तोंडातून नळीने गोखरूचा अर्क देतोय, त्याने शुक्राणू वाढतात का ते बघायला, आणि एवढे दिवस कशाला असं प्रत्येक जण विचारतो. अरे, रॅटमध्ये शुक्राणू तयार व्हायलाच साधारण ५२ दिवस लागतात, पुढे एपिडिडिमिसमधून (वृषणाला चिकटलेल्या वेटोळ्या नळीतून) जाताना पिकायला अजून आठवडाभर, म्हणून तर दहा दिवस औषध पाजून ‘काउंट वाढला’ म्हणणाऱ्यांवर माझा तरी विश्वास नाही.

तर पहिली स्लाइड लावली आणि एकही हलेना!! आकड्यासारख्या वाकड्या डोक्याचे ते शुक्राणू सगळे नुसते पडून. घाम फुटला राव, दोन महिने पाण्यात गेले असंच वाटलं. मग लक्षात आलं, स्लाइड ३७ डिग्रीला गरमच केली नव्हती, माझाच गाढवपणा, गारठ्याने बिचारे थंडावले होते. दुसरी गरम करून लावली तर काय, नुसती जत्रा!

आता ही जत्रा अर्कवाल्यांची की नुसतं द्रावण दिलेल्या कंट्रोल ग्रुपची, ते मला माहीत नाही. कोणता रॅट कुठल्या ग्रुपचा त्या कोडची यादी मुद्दाम दुसऱ्याकडे ठेवलीय, नाहीतर डोळे आपल्याला हवं तेच मोजतात (अनुभव आहे).

हे सगळं एका मित्राला फोनवर सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न, ‘मग रोज किती चमचे घ्यायचं?’

अरे बाबा, तू रॅट आहेस का?