वद्य द्वितीयेची सुकती

तिथीचा उपयोग काय, असे मला कोणी विचारले असते, तर एकादशीचा उपवास, चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा आणि नृसिंहवाडीची पौर्णिमा एवढेच मी सांगितले असते. आम्हा घाटावरच्या माणसांचे पाणी म्हणजे पंचगंगा. तिला पावसाळ्यात पूर येतो आणि ओसरतो, पण दिवसातून दोनदा पाणी येणे आणि दोनदा जाणे आमच्या हिशोबात कधी बसलेलेच नसते. म्हणूनच मार्गशीर्षात पायी मालवणला जायचे आणि तिथून पद्मगडावरही चालतच पोहोचायचे, असे पेठेतल्या तात्यांनी सुचवले तेव्हा समुद्रातल्या किल्ल्यावर चालत जाणार तरी कसे, हाच आमच्यातल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न होता.

तात्यांनी उत्तरादाखल भिंतीवरची दिनदर्शिका काढून मांडीवर घेतली. मालवणच्या दांडी किनाऱ्यासमोर, किनारा आणि सिंधुदुर्ग यांच्या मधे, पद्मगड नावाचे एक लहानसे खडकाळ बेट आहे. भरतीला ते चहूबाजूंनी पाण्यात असते आणि ओहोटीला किनाऱ्यापासून बेटापर्यंत वाळूची वाट उघडी पडते. ती कोणत्या दिवशी किती वाजता उघडेल हे तिथीवरून काढता येते, आणि त्याचा कोकणातला हिशोब अगदी साधा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे, येईल ती भरतीची वेळ. एकादशीला सव्वाआठ, अष्टमीला सहा, द्वितीयेला दीड. तिथून सहा-सव्वासहा तास मोजले की ओहोटी. तात्यांनी मार्गशीर्ष वद्य द्वितीयेवर बोट ठेवले. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवरायांनी सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची पूजा केली, त्या दिवशी शके १५८६ मधली हीच तिथी होती. दीडची भरती म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. भरती-ओहोटी चंद्राच्या मागे जात असल्यामुळे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या सकाळीही मालवणचा समुद्र साधारण याच वेळी मागे सरलेला असणार, हे त्यांनी ज्या सहजपणे सांगितले, त्यानेच मी या वारीत ओढला गेलो.

या वाटेला वारी म्हणावे की नाही यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. हिला परंपरा नाही, पालखी नाही, मुक्काम ठरलेले नाहीत. मी आषाढीला नंदवाळच्या दिंडीत अनेकदा चाललो आहे; तिथे चालणारा कधी एकटा नसतो आणि वाट चुकण्याची सोयही नसते. इथे आम्ही अवघे नऊ जण होतो. पण करवीरच्या माणसाला मालवण परके नाही. सिंधुदुर्ग दीर्घकाळ कोल्हापूरच्या गादीकडे होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ असे ठेवले आणि पुढच्याच वर्षी तो करवीरकरांना परत दिला. अखेर १८१२ च्या तहात मालवण बंदरासह सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट इंग्रजांकडे गेले. गेलेल्या मुलखाला भेटायला जाणे हीसुद्धा वारीच, असे तात्यांनी म्हटले आणि चर्चा तिथे संपली. माझ्या आईचे समाधान मात्र झाले नाही. दत्तजयंतीला वाडीला जायचे सोडून समुद्रावर काय ठेवले आहे, हे तिने निघेपर्यंत तीनदा विचारले.

मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला पहाटे महाद्वारातून अंबाबाईचे दर्शन घेऊन आम्ही रंकाळ्याच्या कडेने बाहेर पडलो. पुईखडीचा चढ आषाढीत टाळांच्या गजरात कधी संपतो ते कळत नाही. त्या दिवशी तो फार लांब वाटला. पहिल्या दोन दिवसांविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. उसाचा हंगाम जोरात होता, ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्यांना वाट देत रस्त्याच्या कडेने चालावे लागत होते, आणि भोगावतीच्या काठाने मळीचा वास कितीतरी मैल सोबत होता. एका गुऱ्हाळावर आम्हाला बसवून गरम काकवी आणि भाकरी दिली गेली. निघताना तिथल्या मालकाने गुळाची एक लहान ढेप हातात ठेवली आणि ‘आमच्या नावानं द्या तिथं’ एवढेच सांगितले. कुणाला द्यायचा, हे त्यानेही सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

राधानगरीला धरणाच्या भिंतीकडे पाहत आम्ही बराच वेळ बसलो. राजर्षी शाहू महाराजांनी हे काम काढले आणि गावाला आपल्या लेकीचे, राधाबाईंचे नाव दिले. पाण्याची पातळी वाढली की आपोआप उघडणारे तिथले दरवाजे कोल्हापूरकरांना नीट ठाऊक आहेत, कारण पावसाळ्यात त्यातले किती उघडले यावरच पंचगंगेकाठच्या लोकांची झोप अवलंबून असते. पाण्याला दार असते आणि ते आपल्याला विचारून उघडत नाही, हे त्या अर्थाने आम्हाला नवीन नव्हते.

दाजीपूरचे जंगल गव्यांचे. त्रयोदशीला संध्याकाळी मुक्कामाजवळ रस्त्यापासून पन्नास-साठ पावलांवर एक गवा आमच्याकडे पाहत निश्चल उभा होता, आणि आम्ही नऊही जण त्याच्यापेक्षा जास्त निश्चल उभे होतो. दुसऱ्या दिवशी फोंडा घाट उतरलो. हा उतार गुडघ्यांना चढापेक्षा वाईट. पण पायाखालचे जग बदलताना पाहायचे असेल तर घाट पायीच उतरावा. वर थंडीने कान दुखत होते, मध्यावर स्वेटर काढले, खाली पोहोचेपर्यंत पाठ घामाने भिजली. काळ्या कातळाच्या जागी तांबडा जांभा आला, उसाच्या जागी माड आणि काजू आले, आणि चहाच्या टपरीवरची माणसे शब्दांच्या शेवटी हेल काढून बोलू लागली. आमच्यातल्या आक्का पहिल्यांदाच कोकणात उतरत होत्या. घरांची अंगणे इतकी स्वच्छ कशी, याचे त्यांना मालवणपर्यंत आश्चर्य वाटत राहिले.

दत्तजयंतीला दुपारी कणकवलीत भालचंद्र महाराजांच्या मठात टेकलो. मी तिथूनच आईला फोन केला आणि तिचा राग थोडा उतरला. रात्री कसाल. तिथून मालवणचा शेवटचा टप्पा बत्तीस-तेहतीस किलोमीटरचा, डांबरावरचा आणि दमट उन्हाचा होता. दोघांच्या तळव्यांना फोड आले होते. तरीही वद्य प्रतिपदेला सायंकाळी पाचच्या सुमारास आम्ही दांडीच्या पुळणीवर उभे होतो आणि समोर, हाताने शिवावा इतका जवळ भासणारा, पद्मगड होता.

त्याच्या मागे सिंधुदुर्गाचा तट पाण्यातून वर आल्यासारखा दिसत होता. पाणी उतरत होते, मधला पट्टा फिकट दिसू लागला होता आणि सहा दिवस चाललेल्या माणसाला असे वाटणे साहजिक आहे की आणखी दहा मिनिटांनी काय होते. आमच्यातला सर्वांत तरुण भिडू पँट दुमडून पाण्यात शिरलाही. जवळच रापणीचे जाळे आवरत बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने मान वर न करता सांगितले, ‘आता जाव नको, काळोख पडतलो. फाटफटी येवा, सुकती गावतली.’ सुकती म्हणजे ओहोटी. तात्यांच्या हिशोबानेही त्या दिवशीची ओहोटी सातच्या आसपास होती आणि सूर्य सहालाच बुडणार होता. हिशोब आमच्या खिशात होता. आम्हीच तो पाहिला नव्हता. पंढरपुरात माणसांच्या रांगेत उभे राहून देवाची वाट पाहतात. इथे रांग नव्हती, पुढे कोणी नव्हते, तरीही थांबायचे होते, आणि हे थांबणे मला रांगेपेक्षा जड गेले.

रात्री त्या आजोबांनीच आणखी थोडे समजावले. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी चढते खूप आणि उतरतेही खूप. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा दोन्ही बेताचे. उधाणाचा खरा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतो, म्हणून द्वितीया चांगली. आणि परतताना घाई करा, असे त्यांनी दोनदा बजावले. पाणी वळल्यावर पहिला तासभर सावकाश चढते. त्या तासावर विसंबणारा फसतो, कारण तिसऱ्या-चौथ्या तासाला ते सर्वांत वेगाने येते.

पहाटे आधी मोरयाच्या धोंड्यावर गेलो. किनाऱ्यावरच्या या खडकावर गणपती, चंद्र, सूर्य आणि शिवलिंग कोरलेले आहे आणि सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची पूजा इथेच झाली. विजेरीच्या उजेडात कोरीवकाम नीट दिसेना, म्हणून आक्कांनी त्यावरून हलकेच बोटे फिरवली आणि ‘हा चंद्र’ असे सांगितले. खरा चंद्र तेव्हा समोर समुद्रावर पश्चिमेला झुकलेला होता. द्वितीयेचा असल्यामुळे उजाडले तरी तो मावळणार नव्हता.

सातला पुळणीवर आलो तेव्हा काल जिथे पाणी होते तिथे ओली वाळू होती. तिच्यावर लाटांच्या बारीक घड्या उमटल्या होत्या आणि खेकडे पळत होते. मधल्या सखल भागात घोट्याच्या वर, एका ठिकाणी गुडघ्यापर्यंत पाणी लागले. ते थंड असेल असे मला उगीचच वाटले होते. ते हवेपेक्षा उबदार होते. वाळू संपली की खडप सुरू होते आणि तिथे खरी परीक्षा होती. शेवाळावरून पाय सरकतो, म्हणून खडबडीत दगडावर ठेवावा, तर त्यावर कालवांच्या धारदार शिंपा चिकटलेल्या. पायताण काढून अनवाणी चालण्याची आमची भक्ती चार पावलांत संपली. तरुण भिडूने या वारीसाठी मुद्दाम नवी कोल्हापुरी चप्पल घेतली होती. खाऱ्या पाण्यात कातड्याचे काय होते हे त्याला बेटावर पोहोचेपर्यंत कळून चुकले. थोड्या अंतरावर दोन बायका वाकून खडपावरची कालवे काढत होत्या. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिले, आपसात काही बोलल्या आणि हसल्या.

पद्मगड आकाराने लहान आहे. ढासळलेली तटबंदी, तिच्यातून वर आलेली झाडे, खाली आदळणाऱ्या लाटा आणि आत वेताळाचे स्थान. आम्ही मनात विठ्ठल-दत्त घेऊन निघालेली माणसे आणि समोर शेंदराचा वेताळ. क्षणभर कोणालाच काय म्हणावे ते सुचले नाही. मग आक्कांनी पिशवीतून नारळ काढला आणि मी गुऱ्हाळावरची ढेप. गूळ कुणाला द्यायचा याचे उत्तर इथे मिळाले. नारळाचे पाणी जांभ्याने लगेच शोषून घेतले. तटाच्या पश्चिम अंगाला उभे राहिल्यावर मधल्या पाण्यापलीकडे सिंधुदुर्ग संपूर्ण समोर येतो. त्याच्या आत राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे आणि खाऱ्या समुद्राने वेढलेल्या त्या किल्ल्यात दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तिथे जायला मालवणच्या धक्क्यावरून होडी मिळते. पण होडीने गेलेल्या माणसाला तो किल्ला कुणाच्या राखणीत उभा आहे हे कळत नाही. ते या लहानशा बेटावरून, चपला हातात घेऊन, कळते.

तात्या साडेआठला निघाले आणि बाकीचे त्यांच्या मागे. मी मात्र तटावर बसून राहिलो. पाणी सावकाश चढत होते, आणि सावकाश म्हणजे किती, याचा अंदाज घाटावरच्या डोळ्यांना येत नाही. नऊ वाजून गेल्यावर उठलो, खडप काळजीपूर्वक उतरलो आणि पाहतो तो वाळूच्या वाटेचा मधला भाग नाहीसा झाला होता. सकाळी गुडघ्याएवढे होते तिथे पाणी मांडीच्या वर आले आणि बाजूने येणारी लाट कमरेपर्यंत भिजवून गेली. पायाखालची वाळू प्रत्येक लाटेबरोबर सरकत होती. मी घाबरलो होतो हे लपवण्यात अर्थ नाही. किनाऱ्यावरून म्हाताऱ्या आजोबांनी हात करून उजवीकडे सरकायला सांगितले, तिथे वाळू उंच होती, आणि मी बाहेर आलो. ते मला काही बोलले नाहीत. तात्या मात्र बोलले, आणि बराच वेळ बोलले. खिशातला फोन बंद पडला होता आणि त्यातली बेटाची छायाचित्रे त्याच्याबरोबरच गेली.

अकराच्या सुमारास पुन्हा पाहिले तेव्हा पद्मगड चहूबाजूंनी पाण्यात होता. आम्ही गेलो होतो याची खूण म्हणून वाळूवर काहीच उरले नव्हते. दुपारच्या एसटीने आम्ही कोल्हापूरकडे निघालो. सहा दिवसांची वाट उलट दिशेने काही तासांत मागे पडत होती, खिडकीच्या गजाला ती नवी कोल्हापुरी चप्पल वाळत टांगली होती, आणि दाजीपूरच्या वळणांवर ती वाटेत बसलेल्या प्रत्येक प्रवाशाच्या खांद्यावर आपटत होती. पुढच्या सीटवर तात्यांनी खिशातली छोटी दिनदर्शिका काढून पुढच्या वर्षीची वद्य द्वितीया कोणत्या वारी येते ते शोधायला सुरुवात केली होती.