कंगवा अडतो तिथे

कुत्र्यांच्या सलूनमध्ये कामाला लागून दोन महिने झाले होते, तेव्हा एका लॅब्राडॉरच्या कमरेवर मी लाल चट्टा उठवला. ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं मी त्यातून शिकले.

लॅब्राडॉरचे केस आखूड, म्हणजे काम सोपं, असं मी धरून चालले होते. हातात बारीक दात्यांच्या पात्याचं डीशेडिंग टूल, म्हणजे सुटलेले केस ओढून काढायचं हत्यार. शेपटीच्या वरच्या भागावरून एकदा ओढलं की पात्याला केसांची जाड वात लागायची. पुन्हा ओढलं, पुन्हा तेवढीच. केस येतायत म्हणजे आत अजून आहेत, असा माझा सरळ हिशेब. वीसेक मिनिटं मी त्याच वीतभर जागेवर होते. कुत्रा निमूट उभा. लॅब्राडॉर सहसा तक्रार करत नाहीत आणि नवशिक्या माणसाला ते फार महागात पडतं. दुसऱ्या दिवशी मालकिणीने फोटो पाठवला. तळहाताएवढी जागा लाल, सालटं निघाल्यासारखी, आणि तो सारखी तीच चाटतोय.

मला काम शिकवणाऱ्या ताई रागावल्या नाहीत. त्यांनी स्लिकर, म्हणजे बारीक तारांचा ब्रश, माझ्या हातात दिला. "स्वतःच्या हातावर फिरव, कोपरापासून मनगटापर्यंत. मी थांब म्हणेपर्यंत." सहाव्या-सातव्या फेरीला आग व्हायला लागली.

"याला ब्रश बर्न म्हणतात. आणि कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते बरं का. केसांखाली दिसत नाही, इतकंच."

मग त्यांनी कालच्या पिशवीतून मूठभर केस काढून टेबलावर पसरले. काही केस फिकट, मऊ, लोकरीसारखे नागमोडी. काही सरळ, जाड आणि चकचकीत. हे दुसरे बरेचसे एका टोकाला सुरीने कापल्यासारखे बोथट होते. मी इतका वेळ अंडरकोट, म्हणजे आतली लोकर, काढतेय असं समजत होते, आणि अर्ध्या वेळानंतर पातं वरचे धडधाकट केस कापत होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा मला डबल कोट म्हणजे काय ते कळलं. शब्द रोज तोंडात होता, अर्थ कळला नव्हता. अशा कुत्र्याच्या कातडीतल्या एकेका छिद्रातून केसांचा झुबका येतो. त्यात एक जाड, लांब केस, म्हणजे गार्ड हेअर, आणि त्याच्या भोवती बरेच बारीक केस. हे बारीक केस म्हणजे अंडरकोट. गार्ड हेअर पाणी, धूळ, ऊन बाहेर अडवतात. अंडरकोट कातडीलगत हवा धरून ठेवतो. प्रत्येक केस वाढतो, थांबतो, काही काळ नुसता बसून राहतो आणि मग सुटतो. हे चक्र मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालतं, म्हणून ऋतू बदलताना अंडरकोट एकदम सुटतो. घरात रात्री उशिरापर्यंत दिवे असले की हे गणित विस्कटतं आणि केस वर्षभर थोडे थोडे झडत राहतात. सुटलेला केस लगेच खाली पडत नाही, ही खरी अडचण. तो शेजारच्या जिवंत केसांत अडकून राहतो. आपल्याला फक्त तो सुटलेला केस बाहेर आणायचा असतो, उपटायचं काहीच नसतं.

त्यानंतर महिनाभर ताईंनी मला ते पात्याचं टूल दिलं नाही. मी आंघोळी घातल्या, नखं कापली, कान पुसले. मग ब्रूनो आला.

ब्रूनो सहा वर्षांचा जर्मन शेफर्ड. मांड्यांवर फिकट लोकरीचे पुंजके लोंबत होते, एखादी जुनी गादी उसवावी तसे. त्याला घेऊन आलेले काका दारातूनच म्हणाले, "सरळ मशीन फिरवा. घरभर केस झालेत, आणि त्यालाही उकडतंय."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी द्यायचं होतं.

"काका, मशीन फिरवली तरी केस गळायचे थांबत नाहीत. फक्त आखूड गळतात, आणि आखूड केस सोफ्यातून निघता निघत नाहीत. वरचा थर गेला की ऊन थेट कातडीवर येतं. परत येतानाही आतली लोकर आधी वाढते, वरचे केस मागून सावकाश. काही कुत्र्यांचे तर कित्येक महिने नीट येतच नाहीत. त्याला उकडतंय ते आत अडकलेल्या मेलेल्या केसांनी. ते काढले की हवा खेळेल."

काकांना पटलं की नाही कोण जाणे, पण ते ब्रूनोला सोडून गेले. (मशीन कधीच फिरवू नये असं नाही. शस्त्रक्रियेआधी फिरवावी लागते, किंवा जटा कातडीपर्यंत घट्ट बसल्या असतील तर विंचरणं हाच छळ होतो, तेव्हाही. पण घरात केस पडतात हे कारण नव्हे.)

आधी ब्रश नाही, हात. बोटं उलट्या दिशेने केसांत घालून मी सगळं अंग चाचपलं. गाठ, खपली, गोचीड, ओलसर जागा. दोन्ही बाजूंना सारखंच टक्कल पडत असेल आणि खाज नसेल, तर ते शेडिंग, म्हणजे नेहमीचं केस झडणं, नव्हे. तो कुत्रा टेबलावर न घेता डॉक्टरांकडे पाठवायचा. ब्रूनोचं तसं काही नव्हतं. कानांमागे मात्र दोन जटा होत्या आणि उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला नमद्यासारखा घट्ट पट्टा. कानांमागच्या जटा मी कोरड्या असतानाच बोटांनी फाडून, कंगव्याच्या टोकाने सोडवल्या. पाणी लागून वाळली की जट दुप्पट आवळते. तो मांडीचा पट्टा मी तितका मनावर घेतला नाही. पाण्यात सैल होईल, असं वाटलं.

आंघोळीत अर्धा वेळ गेला तो नुसता त्याला भिजवण्यात. डबल कोटवर पाणी वरच्या वर ओघळतं. पाच मिनिटांनी कुत्रा चिंब दिसतो आणि केस बाजूला सारले तर आत कातडी कोरडी ठाक. शॉवरचं तोंड कातडीला टेकवून हळूहळू पुढे न्यायचं, मगच पाणी मुळाशी पोचतं. शॅम्पू पाण्यात पातळ करून बाटलीतून ओतला, रबरी ब्रशने चोळला, आणि तेव्हाच टबाच्या जाळीवर राखाडी लगदा साचायला लागला. मग कंडिशनर. तो चकाकीसाठी लावतात असं मला वाटायचं. इथे त्याचं काम वंगणाचं: केस निसरडे झाले की सुटलेले केस जिवंत केसांमधून घसरून बाहेर येतात. धुताना मात्र कंजूसपणा नको, आत साबण राहिला की दोन दिवसांत खाज.

आता ब्लोअर, म्हणजे नळीतून जोराची हवा सोडणारं मशीन. या कामात सगळ्यात जास्त केस तोच काढतो. ब्रश, रेक, पातं सगळं त्याच्या मागून.

मास्क, गॉगल आणि कानांवर आवाज अडवणारी झाकणं घालून मी सुरुवात केली. यातलं एकही ऐच्छिक नाही. त्या मशीनच्या आवाजात दिवसाचे चार-पाच तास काढायचे आणि ते केस श्वासातून आत घ्यायचे, हे आपलं शरीर विसरत नाही. ब्रूनोच्या कानांवरही ताणाची कापडी पट्टी चढवली. ब्लोअर आधी लांब धरून सगळ्यात कमी वेगावर नुसता चालू ठेवला. त्याने मान वळवून बघितलं, जांभई दिली. ही जांभई झोपेची नसते, तो बेचैन असतो. मी थांबले. दुसऱ्यांदा त्याने मान वळवली नाही, तेव्हा मागच्या पायापासून सुरू केलं. तोंडापासून कधीच नाही.

नळी कातडीच्या जवळ, थोडी तिरकी धरली की हवेने केसांत गोल भोवरा पडतो आणि मध्यभागी कातडी दिसते. भोवऱ्याच्या कडेने मेलेली लोकर वर येते, फुगते आणि सुटून उडते. खोलीत अक्षरशः हिमवर्षाव. नळी बोटभर पुढे न्यायची, पुन्हा भोवरा. जिथे भोवरा उघडत नाही, तिथे आत केस दाटलेले. मला खरा धडा इथे मिळाला. मी अंदाजाने घासत होते, आणि हवा मला नकाशा काढून देत होती. पाठ लगेच उघडली. मानेवर, गळ्यातल्या पट्ट्याच्या जागी, वेळ लागला. मांड्यांवर भोवरा उघडायला तयारच नव्हता, आणि मी हट्टाने तिथेच नळी धरून उभी राहिले.

"हात लाव तिथे," ताई मागून ओरडल्या. लावला. कातडी गरम झाली होती. अशा ब्लोअरमध्ये वेगळी तापणारी तार नसली तरी मोटर हवा गरम करतेच. ब्रूनो जीभ बाहेर टाकून धापा टाकत होता, आणि कुत्र्याला अंग थंड करायला मुख्यतः तेवढाच मार्ग असतो. मशीन बंद. पाणी पाजलं, दहा मिनिटं जमिनीवर बसू दिलं. मीही त्याच्या शेजारी बसले. माझ्या भुवयांवर त्याची लोकर होती.

पूर्ण वाळल्यावर रेक घेतला. लांब, बोथट दात्यांचा, केसांच्या दिशेने, छोटे छोटे हात मारत, मनगटावर जोर न देता. रेकचं स्वतःचं वजन पुरतं. एका जागी तीन-चार वेळा, आणि केस येत असले तरी पुढे सरकायचं. ते 'येत असले तरी' मला जड गेलं. ताई म्हणतात, कुत्र्याच्या अंगात उद्या सुटणारे केस आज पण असतात, ते उद्याच सुटू देत. पोटाखाली आणि काखेत रेक नाहीच, तिथे कातडी सैल आणि पातळ असते, सडही हाताला लागतात. तिथे नुसता कंगवा.

मांड्यांना स्लिकर. डाव्या हाताने केस वर धरून ठेवायचे, खालून बोटभर थर सोडायचा, तो विंचरायचा, मग पुढचा. ओळ धरून शेत खुरपावं तसं. वरून विंचरलेली मांडी मखमली दिसते आणि आत नमदा तसाच असतो, ही या धंद्यातली सर्वांत सोपी फसवणूक. म्हणून शेवटी स्टीलचा कंगवा. मुळापासून टोकापर्यंत तो न अडता गेला, तर काम झालं. बाकी कुणाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, स्वतःच्याही नाही.

पाठीतून कंगवा गेला. मानेतून गेला. डाव्या मांडीतून गेला. उजव्या मांडीच्या आत अडला.

तोच पट्टा. कोरडा असताना सोडवायचा राहिला होता आणि आता पाण्याने आणखी आवळला होता. मी स्लिकर उचलला. दोन हात मारले, ब्रूनोने पाय ओढून घेतला. अजून एक, आणि त्याने मान वळवून माझ्या मनगटावर दात नुसते टेकवले. चावला नाही. तीन तास तो टेबलावर होता. केस बाजूला करून बघितलं तर कातडी जराशी गुलाबी दिसायला लागली होती.

मी स्लिकर खाली ठेवला. पट्ट्याचा तेवढा भाग कातडी बोटांनी खाली दाबून धरत मशीनने काढला, दोन बोटं रुंद. त्याच्या कडेची दाटी तशीच सोडली. काकांना तसं स्पष्ट सांगितलं, कुठे आणि का, हात लावून दाखवलं. ते मात्र कोपऱ्यातल्या दोन भरलेल्या पिशव्यांकडेच बघत होते. "एवढे सगळे याच्या अंगावर होते?" मग ब्रूनोच्या पाठीत बोटं घालून म्हणाले, "आणि तरी केस आहेतच की."

ते गेल्यावर ताईंनी ब्रूनोचं कार्ड पुढे सरकवलं. मी लिहिलं: उजवी मांडी, आतली बाजू, बाकी. चार आठवड्यांनी. पुढच्या वेळी पाण्याआधी.