तुम्ही विचारलंत म्हणून: आवडता गायक कोण, मराठी का कन्नड?

लग्नात, रेल्वेत, पुण्याच्या नातेवाइकांकडं, कुठंही गेले आणि मी बेळगावची म्हटलं की दोन प्रश्न ठरलेले. एक म्हणजे, तुम्हाला गाणं एवढं आवडतं तर तुमचे आवडते गायक कोण, मराठी का कन्नड? आणि दुसरा माझा फोन हातात आल्यावर, अहो गॅलरीत हे सगळे भिंतींचे आणि पाट्यांचे फोटो कशाला? उभ्या उभ्या काहीतरी सांगून सुटते मी, पण ते अर्धवट राहतं, म्हणून आज सवडीनं लिहिते. माझ्या लेखी या दोन्हीचं उत्तर एकच आहे.

आवडते चार. सुळेभावीचे कुमार गंधर्व, हुबळीच्या गंगूबाई हनगल, धारवाडजवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मन्सूर आणि गदगचे भीमसेन जोशी, याच क्रमानं, आणि या क्रमावरून आमच्या घरात अजून भांडणं होतात. चौघांचीही घरची भाषा कन्नड आणि चौघांवरही मिरज, पुणे, मुंबईच्या मराठी माणसांनी जीव टाकला. बरं, चौघांची गावं अशी की बेळगावहून सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी परत. मग मराठी का कन्नड म्हणून विचारलं की मला खरंच कळत नाही की यातला कुठला तुकडा कापून तुमच्या ताटात वाढू, कारण गाणं तयार झालं तेच मुळी या येण्याजाण्यातनं.

आमच्याकडं रेडिओवर धारवाड पण लागायचं आणि सांगली पण. धारवाड आकाशवाणी 1950 साली सुरू झाली, मन्सूरअण्णा तिथं संगीताचे सल्लागार होते, आणि सांगली केंद्र म्हणजे मराठी. काटा इकडं फिरवला की कन्नड संतांची वचनं आणि दासांची पदं, तिकडं फिरवला की अभंग आणि नाट्यगीतं, मधल्या जागेत नुसती खरखर. घरात कुणीच कधी म्हटलं नाही की हे आपलं आणि ते त्यांचं. भीमसेनजी तर दोन्हीकडं यायचे. तुकोबांचा अभंग गाणारे तेच आणि पुरंदरदासांचं पद गाणारे पण तेच, आणि पुरंदरदासांच्या पदात शेवटी पुरंदरविठ्ठल ही मुद्रा, म्हणजे त्यांची नाममुद्रा, सहीच म्हणा, येते, म्हणजे दोन्हीकडची गाणी निघाली कुठनंही तरी पोचतात पंढरपूरलाच. आजीला कन्नड वाचता येत नव्हतं पण दासांची पदं तोंडपाठ होती, अर्थ विचारला तर अर्धाच सांगायची आणि पुढं गायला लागायची.

कुमारजींवर मी जरा जास्तच बोलते, सवय आहे माझी. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, जन्म 8 एप्रिल 1924, सुळेभावी. बेळगावहून सांबऱ्याला विमानतळाकडं जाताय ना, तसंच पुढं गेलं की हे गाव. लहान पोर असताना मोठमोठ्या उस्तादांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गायचा म्हणून नाव पडलं कुमार गंधर्व, मग मुंबईला देवधर मास्तरांकडं शिक्षण, आणि सगळं जोरात चाललेलं असताना ऐन विशी-पंचविशीत क्षय. हवा कोरडी म्हणून माळव्यात देवासला नेलं, डॉक्टरांनी गाणं बंद केलं, आणि काही वर्षं हा माणूस नुसता पडून. पडून काय केलं तर ऐकलं. दारावरनं जाणारे जोगी, बायकांची लग्नातली गाणी, माळव्याची लोकगीतं. बरे झाले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं.

आता हे ऐकताना नीट लक्ष देऊन ऐका, मी अक्षरशः हेडफोन लावून मागं-पुढं करून ऐकलेलं आहे. ते लांबच लांब ओढत नाहीत. एक छोटा तुकडा टाकतात, थांबतात, त्या थांबण्यात तानपुरा एकदम मोठा वाटायला लागतो, आणि मग कुठनं तरी वरनं दुसरा तुकडा येतो आणि तोही पूर्ण व्हायच्या आत सोडून देतात. श्वास घेतलेला स्पष्ट ऐकू येतो कधीकधी. लोक म्हणतात आजारपणामुळं तसं गावं लागलं, असेल, पण माझं म्हणणं असं की श्वास कमी पडला म्हणून नाईलाजानं गाणं लहान केलं असं ते वाटतच नाही, कुठला स्वर म्हणायचा आणि कुठला नुसता सुचवायचा हे त्यांनी इतकं पक्कं ठरवलेलं असतं की पूर्ण दमाच्या गायकाचं लगेच नंतर ऐकलं तर मला ते पसरट वाटतं. हे माझं मत, संगीत शिकलेल्यांनी वाद घालावा. आणि त्यांची निर्गुणी भजनं, म्हणजे कबीरासारख्यांची निराकार देवाची पदं, ऐकायची तर रात्री ऐकू नका, भल्या सकाळी कामाला लागायच्या आधी ऐका.

गंगूबाईंचं वेगळं. सुरवातीच्या त्यांच्या रेकॉर्डी गांधारी हुबळी या नावानं निघाल्या, त्यातला आवाज उंच आणि कोवळा, नंतर घशाच्या दुखण्यापायी आवाज बदलला आणि असा जाड, भरदार झाला की न बघता ऐकणाऱ्याला पुरुष गातोय वाटावं. दुसरी कुणी असती तर गाणं सोडून बसली असती. या बाई त्याच आवाजात पुढची सगळी हयात गायल्या, कुठंही तो आवाज गोड करायच्या भानगडीत पडल्या नाहीत. गुरू सवाई गंधर्व कुंदगोळला, म्हणून हुबळीहून रेल्वेनं कुंदगोळला जायचं, शिकायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत यायचं. भीमसेन तेव्हा तिथंच गुरुघरी, अकराव्या वर्षी गुरू शोधायला घरातनं पळालेलं पोर शेवटी फिरून फिरून आपल्याच भागात कुंदगोळला येऊन थांबलेलं, तर ते गंगूबाईंना स्टेशनपर्यंत सोडायला यायचे असं सांगतात. पुढं दोघांची नावं देशभर झाली, पण मला त्यांचं ते स्टेशनच्या वाटेवर चालत बोलत जाणं आठवत बसावंसं वाटतं, काय बोलत असतील, आज घेतलेला राग का गुरुजींचा राग.

आता भिंती आणि पाट्या.

बेळगावातल्या आमच्या शहापुरात एक पेंटरमामा होते. दुकानाच्या पाट्या रंगवायचे, वर कन्नड खाली मराठी, कधी बाजूला इंग्रजी. शाळेतनं येताना मी तिथं थांबायचीच. आधी पत्र्याला दोन हात रंगाचे, वाळल्यावर खडूच्या भुकटीत घोळलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधे टिचकी मारायची, सरळ रेघ उठायची. डाव्या हातात एक काठी, काठीच्या टोकाला चिंध्यांचा गोळा, तो गोळा पत्र्यावर टेकवून त्या काठीवर उजवं मनगट ठेवायचं, म्हणजे ओल्या रंगाला हात लागत नाही. कन्नड अक्षर काढताना मनगट वळायचं, सगळी गोलाई, ब्रश फिरत फिरत जायचा. मराठीला आधी अक्षरं काढून घ्यायचे, उभ्या दांड्यांसकट, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी, या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात. त्यावेळी बोलायचे नाहीत, श्वास धरून ठेवायचे, रेघ संपली की सोडायचे. शेजारी स्टुलावर रेडिओ. एकदा विचारलं, मामा हे कोण गाऊलालेत? तर म्हणाले, मन्सूर गं, गप ऐक की जरा.

बास, एवढंच. मन्सूरअण्णांची माझी ओळख ती. ते जयपूर अत्रौली घराण्याचे, ते घराणं ज्यांनी उभं केलं त्या अल्लादियाखाँसाहेबांच्या मुलांकडं शिकलेले, अप्रचलित राग गाण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, हे सगळं मला पुढं वाचून कळलं. पण कान तयार झाला तो ऑइल पेंट आणि टर्पेंटाइनच्या वासात, आणि म्हणून आजही मन्सूरअण्णांची तान सुरू झाली, एक फेर पुरा व्हायच्या आत दुसरा गुंफलेला, की मला मामांचं वळणारं मनगट दिसतं.

फ्लेक्स आला आणि हे काम गेलं. स्वस्त पडतं, एका रात्रीत छापून मिळतं, दुकानदाराला मी नावं ठेवत नाही, त्याला पोट आहे. पण त्या फ्लेक्सवर अक्षरं अशी की कन्नड पण बेळगावचं नाही आणि मराठी पण बेळगावचं नाही, कुठल्यातरी कंप्युटरमधला फॉन्ट ताणून रुंद केलेला, वेलांटी एकीकडं रफार एकीकडं. म्हणून मी जुन्या हातानं रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढते. खडे बाजारात, रविवार पेठेत, शहापूर-वडगावच्या विणकरांच्या गल्ल्यांत अजून आहेत काही, आणि निपाणीला संकेश्वरला गेलं तरी मान वर करूनच चालते मी. पाट्यांच्या भाषेवरनं आमच्याकडं काय काय झालंय हे तुम्हाला पेपरमधनं माहीतच आहे, त्यात मी आत्ता पडत नाही. मी फक्त एवढं सांगते की त्या पाट्या लिहिणारा हात बऱ्याचदा एकच होता आणि दोन्ही अक्षरं त्यानं सारख्याच मायेनं काढलेली आहेत, जवळ जाऊन बघा, ब्रशचे फटकारे दिसतात.

भिंतींवरची चित्रं हल्ली वाढलीत. 2016 च्या जानेवारीत स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरांची यादी आली त्यात बेळगाव होतं, तेव्हापासून रंगाचा उत्साह जास्तच. काही छान आहेत, काही म्हणजे नेटवरनं घेतलेली फुलपाखरं आणि पंख, जी इंदूरला पण चालतील आणि कोइंबतूरला पण. मला ती बघून काहीच होत नाही. भिंत इथली, तर चित्रात इथलं काहीतरी हवं. शिवाजी महाराज आहेत, 1824 साली इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मा आहेत, नंदगडला फाशी गेलेले संगोळ्ळी रायण्णा आहेत, बसवण्णा आहेत, असायलाच पाहिजेत. गाणारं माणूस मात्र मी बघितलेल्या भिंतींवर फार क्वचित. ज्या मातीतनं इतके आवाज निघाले तिथल्या भिंती मुक्या का म्हणून राहाव्यात?

रांगोळीवाले मात्र हे काम करतात आणि त्यांचं कौतुक पुरेसं होत नाही. आमच्याकडं चेहऱ्याची रांगोळी काढणारे कलाकार आहेत, हुबेहूब माणूस. जमिनीवर बसून तासन्‌तास, पाठ मोडेपर्यंत, लेक कलर मिसळलेली भुकटी चिमटीतनं सोडत. एकदा भीमसेनजींचा चेहरा काढताना बघत बसले होते, तान घेतानाचा, तोंड वाकडं झालेलं, कपाळावर शीर. गालावरची सावली करायला कलाकारानं अंगठा आणि तर्जनी इतकी जवळ आणली की भुकटी पडताना दिसतच नव्हती, फक्त गाल हळूहळू काळसर होत चाललेला. दुसऱ्या दिवशी झाडून टाकतात ते. फोटो आहे माझ्याकडं, विचारलंत तर दाखवते.

आणि शिवजयंतीचे चित्ररथ, ते पण मी रस्त्यावरच्या कलेतच धरते. बेळगावात शिवजयंती वैशाखात तिथीनं होते आणि मग चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, ट्रॉलीवर रंगवलेला किल्ला, पुढं गल्लीतली पोरं मावळे होऊन न हलता उभी, आणि झांजा, ढोल, लेझीम. न हलता उभं राहणं किती अवघड असतं ते ज्याच्या घरातलं पोर उभं राहिलंय त्याला विचारा.

एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती मला सगळ्यात जास्त आवडते. मराठी संगीत नाटक ज्यांनी उभं केलं, 1880 साली शाकुंतल रंगमंचावर आणलं, ते अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले गुर्लहोसूरला, आपल्या बेळगाव जिल्ह्यात, सौंदत्तीकडं. आणि त्याच्याही आधी, 1843 ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक केलं, ते कर्नाटकातनं आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून. म्हणजे पुण्याचे मेव्हणे जी नाट्यगीतं ऐकत डोळे मिटतात त्याची एक मुळी इकडं आमच्या काळ्या मातीत आहे. हे मी त्यांना सांगितलं की ते म्हणतात हो का, आणि चहा मागवतात. तेवढ्यावर नाही भागत माझं.

तर कुठनं सुरवात करू असं ज्यांनी विचारलंय त्यांच्यासाठी: सकाळी कुमारजींचं एखादं निर्गुणी भजन, दुपारी निवांत असाल तर मन्सूरअण्णांचा एखादा न ऐकलेला राग, नाव कळलं नाही तरी चालेल, आणि गंगूबाईंचं विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, घाई नसेल तेव्हाच. जमलं तर एकदा धारवाडला मन्सूरअण्णांचं मृत्युंजय हे घर बघून या, स्मारक केलंय त्याचं. आणि सुळेभावीच्या किंवा सांबऱ्याच्या रस्त्याला कुणाची मोठी कोरी भिंत असेल, घरमालक हो म्हणत असेल, तर मला सांगा. मामांचा मुलगा अजून ब्रश धरतो, रंगाचे पैसे मी घालते, चेहरा कुमारजींचा आणि खाली नाव दोन्ही लिपीत.