देवबागची गाडी आणि ६१,००० चं कोटेशन

चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात आम्हा गॅरेजवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. मुंबईचे चाकरमानी यायचे असतात आणि कुडाळ स्टेशनवरून त्यांना घरोघर पोचवणाऱ्या गाड्या आधी आमच्या दारात रांग लावतात. त्या गर्दीत देवबागचे एक काका गाडी टोचन करून घेऊन आले. उतरले आणि हातातला कागद माझ्यापुढे धरला. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपचं कोटेशन होतं. बॅटरी ६,५००, अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) १६,०००, इंजिन रूमचं अख्खं वायरिंग हार्नेस, म्हणजे तारांचा सगळा जुडगा, २९,५००, मजुरी ९,०००. बेरीज ६१,०००.

"सगळा वायरिंग कुजला म्हणतत. बदलूचाच लागतला. चतुर्थीच्या तोंडार एवढे पैसे खयसून हाडू, मिस्त्री?"

पर्यटकांची ने-आण हाच काकांचा धंदा. मे महिना आणि चतुर्थी, वर्षाची खरी कमाई या दोन वेळांना. म्हणून मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

देवबागच्या गाड्या मला चांगल्या ठाऊक आहेत. ती जमिनीची चिंचोळी पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. पावसाळ्यात वारा समुद्राकडून सुटला की खारे तुषार थेट अंगणात येतात. गाडी उघड्यावर उभी असेल तर तिच्या नटबोल्टांपासून तारांपर्यंत काहीच सुटत नाही. तेव्हा गंज असणार हे मला मान्यच होतं. तो नेमका कुठे आहे आणि तेवढ्यासाठी काय काय बदलायचं, एवढंच बघायचं होतं.

काकांनी लक्षणं नीट सांगितली. सेल्फ मारला की इंजिन अर्धा फेरा जड फिरतं आणि बसतं. कधी नुसता टक असा आवाज. चालू झालीच तर हॉर्न दाबल्यावर दिवे मंद होतात, स्टिअरिंग मधेच जड होतं, मीटरवर तीन-चार दिवे एकदम लागतात. बॅटरी तर मे महिन्यातच नवी घातलेली. मी ती मोजली, १२.५ व्होल्ट. टर्मिनलवर पांढरी-निळसर पूड साठली होती, ती गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुतली, टर्मिनल घासून घट्ट बसवले. फरक शून्य.

मग बॅटरीकडून गिअरबॉक्सला जाणारी काळी केबल, म्हणजे इंजिनची अर्थ, करंट बॅटरीकडे परत यायची वाट. माझ्या हाताखालच्या पोराने मीटर लावला, बीप वाजला. "केबल ओके आहे, दादा." इथेच पुष्कळ जण फसतात. मीटर बीप वाजवायला नखाएवढाही करंट सोडत नाही. पन्नास तारांतल्या दोन शाबूत असल्या तरी तो वाजतो. सेल्फ मारताना त्याच केबलमधून शंभर ॲम्पिअरच्या आसपास करंट धावतो, आणि तेव्हा एका ओहमचा शंभरावा भाग एवढा अडथळासुद्धा एक अख्खा व्होल्ट खातो. साध्या मीटरला तेवढा अडथळा धड वाचताच येत नाही. म्हणून केबल तपासायची ती तिच्यावर लोड असताना.

मीटर व्होल्टवर ठेवला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटावरच. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. पोराला म्हटलं, मार सेल्फ. आकडा पाव व्होल्टाच्या आत राहायला हवा. आला ३.९. लाल केबलवर तसंच मोजलं तर ०.२. बॅटरीच्या तोंडाशी १२.१ व्होल्ट होते आणि स्टार्टरला मिळत होते जेमतेम आठ. क्लचच्या केबलला हात लावला तर ती चक्क कोमट झालेली. करंटला धड वाट नव्हती, म्हणून तो मिळेल तिथून परतत होता.

जंपर केबलचं एक टोक निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या हुकाला लावलं. काकांनाच चावी फिरवायला सांगितली. पहिल्याच फटक्यात गाडी चालू. काका गाडीतून उतरून आधी इंजिनकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले.

चालू गाडीत जंपर काढला तर बॅटरीवर १३.१ व्होल्ट, लावला की १४.२. म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. तो इंजिनवर बसलेला असल्याने त्याचीही अर्थ इंजिनमधूनच, त्याच काळ्या केबलने बॅटरीकडे जाते. चार्जिंग कमी दिसलं म्हणून अल्टरनेटर कोटेशनमध्ये लिहिला गेला. व्होल्टेज पडलं की स्टिअरिंगच्या, ब्रेकच्या कॉम्प्युटरने बिघाडाचे कोड नोंदवले, म्हणून हार्नेस लिहिलं गेलं. नळाला पाणी नाही म्हणून नवी विहीर खणायला सांगावं, तसलाच हा प्रकार. मला याचा खरोखर राग येतो. ते कोड वाचणारा स्कॅनर फक्त तक्रार सांगतो, तिचं कारण माणसाने मोजून शोधायचं असतं. ती मोजणी पाच मिनिटांची होती.

काढलेली केबल काकांसमोर ब्लेडने उभी चिरली. बाहेरून रबर नवंकोरं. आत थिंबलजवळ, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीजवळ, हिरवी पूड झाडावी तशी खाली पडली, तारा बोटाने चुरडल्या जात होत्या. थिंबलच्या उघड्या तोंडातून खारं पाणी आत शिरलं होतं आणि तारांतल्या फटींमधून वर वर चढलं होतं. वीतभर वरपर्यंत तांबं काळं. नुसतं टोक छाटून नवं थिंबल दाबता येत नव्हतं. काळ्या तांब्यावर सोल्डरचा डागही धरत नाही.

बोटींच्या वायरिंगसाठी येते ती कलई केलेल्या तांब्याची केबल माझ्याकडे होती, तीच घातली. थिंबल प्रेसने दाबले, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवली. गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट कसला आणि कसल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासली. हार्नेसमधल्या अर्थच्या दोन बारीक थिंबलांना हिरवट डाग होते, तेवढी बदलली. परत मोजलं, ०.१५. कोड पुसले, मालवणात एक फेरी मारून आलो, एकही परत आला नाही.

बिल २,४०० झालं. काकांच्याच कोटेशनच्या पाठीमागे मी आधीचे आणि नंतरचे आकडे लिहून दिले. म्हटलं, पुढच्या वेळी कोणी वायरिंग बदला म्हणाला तर आधी विचारा, काळ्या केबलवर सेल्फ मारताना किती व्होल्ट पडले? आकडा सांगता आला नाही तर गाडी तिथे ठेवू नका.

बॉडीला जाणारी दुसरी अर्थ अजून ०.३ दाखवते आहे आणि बॅटरीखालचा ट्रेही गंजू लागला आहे. भाडी आटोपली की दोन्ही करायचं ठरलं आहे. दिवाळीच्या आधी गाडी घेऊन येतो म्हणालेत.