कललेल्या मोटारसायकलीला पंखांचा उपयोग किती?

अमेरिकेतील ऑस्टिनच्या 5.513 किलोमीटर लांबीच्या ट्रॅकवर 2019 मध्ये मोटारींची फॉर्म्युला वन आणि मोटारसायकलींची मोटोजीपी या दोन्ही शर्यती झाल्या. पात्रता फेरीत व्हाल्टेरी बोटासने मर्सिडीजमधून 1 मिनिट 32.029 सेकंदांत ट्रॅकला वळसा घातला. मार्क मार्केझला होंडावर त्यासाठी 2 मिनिटे 3.787 सेकंद लागले. (आपल्याकडे बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 मध्ये फॉर्म्युला वन आणि 2023 मध्ये मोटोजीपी झाली, पण मोटारसायकलींसाठी तिथल्या ट्रॅकमध्ये बदल केले असल्यामुळे मी ऑस्टिनची वेळ घेतली आहे.) जवळजवळ 32 सेकंदांचा हा फरक सरळ पट्ट्यावरच्या वेगातून आलेला नाही. मोटोजीपीची मोटारसायकल सरळ रस्त्यावर कमालीची वेगवान असते, आणि 2023 मध्ये इटलीतील मुजेलोच्या ट्रॅकवर ब्रॅड बाइंडरने ताशी 366.1 किलोमीटर वेग गाठलेला आहे. फॉर्म्युला वनची गाडी पुढे जाते ती वळणांत आणि ब्रेक लावताना.

टायरची पकड त्याच्यावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. हा भार वजन वाढवून मिळवला, तर वळणात तेच वजन गाडीला बाहेर ओढते आणि हाती काही लागत नाही. गाडीच्या पंखांवर, म्हणजे हवेला वर वळवणाऱ्या आडव्या पट्ट्यांवर, पडणाऱ्या हवेच्या दाबाने मिळवलेला भार मात्र वस्तुमान न वाढवता चाकांना जमिनीवर दाबतो. म्हणूनच फॉर्म्युला वनची गाडी वेगवान वळणात गुरुत्वाकर्षणाच्या पाचपटीपर्यंत पार्श्वबल सोसते, आणि वेग जितका जास्त तितकी तिची पकडही वाढत जाते.

मग मोटारसायकलीला तसेच पंख लावून हाच लाभ का मिळत नाही, हा प्रश्न मला या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो. गाडी वळणातही आडवीच राहते, त्यामुळे तिच्या पंखांवरचे बल सरळ खाली जाते. मोटारसायकल वळणात आतल्या बाजूला कलते आणि तिच्याबरोबर पंखही कलतात. ती 60 अंशांत कललेली असताना पंखांच्या बलाचा निम्माच भाग टायरला जमिनीवर दाबतो आणि सुमारे 87 टक्के भाग तिला वळणाबाहेर ढकलतो. गणित मांडून पाहिले तर निष्कर्ष आणखी नेमका निघतो: पंखांचे बल मोटारसायकलीच्या उभ्या प्रतलातच असल्यामुळे ते कलण्याचा समतोल बदलत नाही, आणि त्यामुळे जितकी जास्तीची पकड मिळते तितकीच जास्तीची पकड बाहेर ढकलणाऱ्या बलाला तोंड देण्यात खर्च होते. वळणातला कमाल वेग शेवटी टायर आणि डांबर यांच्यातील घर्षणावरच ठरतो. त्यातही स्वाराचे शरीर एकूण वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक असते. तो आतल्या बाजूला लोंबकळतो, तेव्हा तेवढ्याच वेगासाठी मोटारसायकलीला कमी कलावे लागते. स्वाराच्या अंगातील हे कौशल्य कोणत्याही पंखाहून मोठे आहे, असे माझे ठाम मत आहे.

तरीही डुकाटीने 2015 मध्ये पंख आणले आणि त्यांचे महत्त्व वाढतच गेले, त्याचे कारण वळणाच्या आधी आणि नंतर आहे. मोटारसायकलीचा गुरुत्वमध्य उंच आणि दोन चाकांमधील अंतर कमी असल्यामुळे वेग वाढवताना पुढचे चाक उचलते आणि जोरात ब्रेक दाबल्यास मागचे. पुढच्या पंखांमुळे पुढचे चाक खाली राहते, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला इंजिनाची ताकद कमी रोखावी लागते आणि वळणातून बाहेर पडताना अधिक वेग मिळतो. बाहेर आलेल्या पंखांवर 2017 पासून बंदी आली, तेव्हा ते फेअरिंगमध्ये, म्हणजे मोटारसायकलीच्या बाहेरच्या आवरणात, सामावून परतले. 2022 मध्ये ॲप्रिलियाने फेअरिंगच्या बाजूंना असा फुगीर आकार दिला की, मोटारसायकल कलल्यावर तो भाग जमिनीजवळ येतो आणि तिथली हवा तिला खाली खेचते. पंखांचे बल ज्या प्रतलात अडकलेले असते, त्यातून सुटण्याचा हा प्रयत्न मला या क्षेत्रातील सर्वांत बुद्धिमान विचार वाटतो.

याची किंमत मागून येणारा स्वार मोजतो. पुढच्या मोटारसायकलीने ढवळलेल्या गरम हवेत त्याचा पुढचा टायर तापतो, टायरमधील दाब वाढतो, रस्त्याला टेकणारा आधीच लहान असलेला भाग आणखी आक्रसतो आणि ब्रेक लावताना पकड सुटू लागते. गाडीलाही अशा हवेचा त्रास होतो, पण तिथे चार रुंद टायर असतात. दोन चाकांवर पुढचा टायर घसरला की बहुतेक वेळा स्वार खाली येतो.

2027 पासून मोटोजीपीत इंजिन 850 सीसीचे होईल, मोटारसायकलीची उंची खालीवर करणारी साधने बंद होतील आणि फेअरिंगचा पुढचा भाग 50 मिलिमीटरने अरुंद होईल. मला ही कपात अपुरी वाटते. पंखांमुळे वळणात जे फारसे मिळत नाही, त्यासाठी पाठलाग करणाऱ्याच्या टायरची पकड खर्ची घालणे मला पटत नाही, आणि पुढच्या नियमांत ते आणखी लहान झालेले पाहण्याची माझी इच्छा आहे.