एअरशिपची नोंदणी : फॉर्ममध्ये रकानाच नाही (माझा अनुभव)

विजेच्या उच्चदाब वाहिन्यांच्या पाहणीसाठी आमच्या छोट्या कंपनीने हेलियमची स्वयंचलित एअरशिप (हलक्या गॅसवर तरंगणारं, हवं तिथे वळवता येणारं यान) बांधली. मल्टिरोटर ड्रोनची बहुतेक बॅटरी स्वतःला हवेत तोलून धरण्यातच संपते, अर्ध्यापाऊण तासात उतरवावा लागतो. इथे भार हेलियम पेलतो. एक घनमीटर गॅस साधारण एक किलो उचलतो. बॅटरी उरते ती पुढे सरकायला आणि थर्मल (उष्णता टिपणाऱ्या) कॅमेऱ्याला. जंपरचा (टॉवरपाशी दोन तारा जोडणाऱ्या तुकड्याचा) सांधा तापलाय का, इन्सुलेटरची (तार टॉवरपासून विजेच्या दृष्टीने वेगळी ठेवणारी) डिस्क फुटलीय का, हे टॉवरपाशी थांबून निवांत बघता येतं. बांधणी सुरळीत झाली. घोडं अडलं ते नोंदणीत.

ड्रोन नियम 2021 मध्ये प्रकार तीनच: विमान, रोटरक्राफ्ट (फिरत्या पात्यांवर उडणारं) आणि हायब्रिड (सरळ वर चढून मग पंखांवर पुढे जाणारं). तिन्ही हवेपेक्षा जड. आमचं यान हलकं. कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळालं, "अहो, तीनपैकी जवळचं काहीतरी टाका ना." त्यांच्याच सांगण्यावरून हायब्रिड टाकलं, तर अर्ज परत: पंखांचा तपशील जोडा. पंख नाहीतच, हे लेखी दिलं. मग वजनाची शंका निघाली. नियमांत वर्ग वजनावर ठरतो, 2 ते 25 किलो स्मॉल, त्यापुढे 150 पर्यंत मीडियम. काट्याचा फोटो मागितला. गॅस भरलेली एअरशिप काट्यावर ठेवली की आकडा शून्याजवळ! तो फोटो पाहून "काटा बिघडलाय, दुसरा पाठवा" असा शेरा आला. मला आजही त्याचा राग येतो. उत्प्लावन, म्हणजे हवा वस्तूला वर ढकलते ते, शाळेत शिकवतात. फाइल पुढे ढकलण्याआधी कोणीतरी पाच मिनिटं विचार करायला हवा होता. तुमच्यावर ही वेळ आली तर गॅस भरण्याआधीच कापड, गोंडोला (खाली टांगलेली पेटी), बॅटरी, कॅमेरा वेगवेगळे तोला आणि बेरजेचा तक्ता सहीशिक्क्यानिशी जोडा. आमचा वजनाचा मुद्दा त्यानेच मिटला.

प्रकाराचा मात्र मिटला नाही. वाट निघाली त्याच नियमांतल्या संशोधन आणि चाचणीच्या तरतुदीतून: डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग प्रोत्साहन विभागाची) मान्यता असलेल्या स्टार्टअपला ग्रीन झोनमध्ये (आगाऊ परवानगीशिवाय ड्रोन उडवता येतो त्या भागात), स्वतःच्या ताब्यातल्या जागेत चाचणीसाठी टाइप सर्टिफिकेट (मॉडेलच्या मंजुरीचं प्रमाणपत्र) आणि यूआयएन (प्रत्येक ड्रोनचा नोंदणी क्रमांक) लागत नाही. हे वाचलं तेव्हा जीव भांड्यात पडला. ही मान्यता आधीच काढून ठेवा. आणि जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा बघा. विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ग्रीन झोन 200 फुटांपर्यंतच, एरवी 400.

भाड्याच्या शेतात खांबांवर जुनी तार आणि डिस्कची माळ टांगली. मुद्दाम ढिला ठेवून तापवलेला सांधा कॅमेऱ्याने पहिल्याच फेरीत पकडला. फार अभिमान वाटला. चालू वाहिनीवर जायचं तर ही सूट पुरत नाही. तिथे प्रकाराचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि आमचा चौथ्या रकान्याच्या मागणीचा अर्ज अजून पडून आहे.

एक राहिलंच. तोल पहाटे साधला तरी ऊन चढलं की गॅस प्रसरण पावून उचल वाढते. थोडं बॅलास्ट (तोलासाठीचं जादा वजन) हाताशी ठेवा, आणि वारा उठण्याआधी उतरवून घ्या.